पट्टीची खाच

पारनेर तालुक्यातील एका खेड्यात दोघे बहीणभाऊ घरीच संगणक जुळवीत बसले होते. मदरबोर्ड एका नातलगाने दिलेला, जुना. मेमरीची पट्टी मात्र थोरल्याने अहिल्यानगरच्या बाजारातून नवी आणलेली. तिचे पैसे आईने दूध घालून साठविले होते.

पट्टी काही केल्या खोबणीत बसेना. "जरा जोर लावला की बसेल," असे म्हणून त्याने दोन्ही अंगठे टेकले.

"दादा, थांब!" धाकटी ओरडली. "आधी खाच तर पाहा."

पट्टीच्या खालच्या कडेस एक खाच होती व खोबणीत एक लहानसा आडवा कंगोरा. पण दोन्ही एकमेकांसमोर येत नव्हते. ही खाच उगीच ठेविलेली नसते. मेमरीच्या पिढ्या आहेत. डीडीआर ३ च्या मोठ्या पट्टीला २४० टोके असतात. डीडीआर ४ चे मानक २०१२ साली व डीडीआर ५ चे २०२० साली प्रसिद्ध झाले. ह्या दोहोंच्या पट्ट्यांना टोके २८८च. मग ह्या दोन तरी एकमेकींच्या जागी चालतील काय? मुळीच नाही! तिसऱ्या पिढीच्या चिपा सामान्यतः १.५ व्होल्टवर चालतात, चौथीच्या १.२ वर, पाचवीच्या १.१ वर, टोकांची कामेही निराळी. म्हणून प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी ठेवितात. खाच म्हणजे दारावरचा पहारेकरीच! बळजबरी केली, तर पट्टीबरोबर मदरबोर्डही जायचा.

वेगाच्या बाबतीत मात्र मदरबोर्ड बराच उदार असतो. पिढी तीच असून पट्टी अधिक वेगवान असली, तर ती बहुधा मदरबोर्डाला झेपेल त्या कमी वेगाने चालते.

बहिणीने विजेरीच्या उजेडात मदरबोर्डावर छापलेले नाव वाचले. तेवढ्या नावावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात सारे सापडले: पिढी डीडीआर ३, खोबणी दोन, आणि दोन्ही मिळून मेमरी १६ गीगाबाइटपर्यंत. थोरल्याने आणलेली पट्टी होती डीडीआर ४. खरेदीपूर्वी दहा मिनिटे हेच वाचले असते, तर एस.टी.ची एक खेप वाचली असती.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पट्टी उलटसुलट करून न्याहाळली. टोकांवर एकही ओरखडा नव्हता. त्याने ती बदलून दिली.

संध्याकाळी नवी पट्टी खोबणीत उभी धरून दोन्ही टोकांना सारखी दाबली, तेव्हा बाजूच्या पकडी टक्‌कन आपोआप मिटल्या.