जुन्या स्क्रिप्टा सांभाळून

चि. सायली,


इन्स्टॉलरचा कोड नव्याने बांधायला घेतलास, हे बरंच झालं. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेलं साधन पुढे कुणाला सांभाळता येणार नाही. पण ‘फक्त आतलं बदलतेय’ या तुझ्या वाक्यापाशी मी थबकले. आतलं कुठे संपतं, हे वापरणारे आपल्यापेक्षा वेगळं ठरवतात.

पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपचंच बघ. एप्रिल 2018मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली आणि आतला सगळा कोड ‘_इंटर्नल’ या नावाखाली गेला. पिप लायब्ररीसारखं वापरू नका, असं पिप बनवणारे आधीपासून सांगत होते. तरीही कित्येक स्क्रिप्टा त्यातलं ‘मेन’ थेट इम्पोर्ट करत होत्या, आणि उबंटूसोबत येणारी पिपची कमांडही तेच करत होती. लोकांनी पिप अपग्रेड केलं आणि पुढच्याच वेळी ती कमांड ‘मेन’ सापडत नाही म्हणून बंद पडली. कागदावर पिपचं काहीच चुकलं नव्हतं, पण काम अडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

म्हणून कोडला हात लावण्याआधी जुनं साधन कसं वागतं ते टिपून ठेव. पॅकेज आधीच बसवलेलं असताना, नेटवर्क तुटल्यावर, इन्स्टॉल अर्ध्यात थांबल्यावर ते कोणता एक्झिट कोड देतं? स्टँडर्ड आउटपुटवर काय छापतं आणि एररच्या वाटेने काय जातं? कुणीतरी त्यातल्याच एका ओळीतून ग्रेपने आवृत्तीचा आकडा काढत असेल, हे धरूनच चाल. नव्या सूचना छापायच्या तर त्या एररच्या वाटेनेच जाऊ देत. आणि समोर टर्मिनल नसेल तर नवा प्रश्न विचारू नकोस; रात्री सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला ‘हो’ म्हणायला तिथे कुणी बसलेलं नसतं. टिपलेलं हे सगळं चाचण्यांत उतरव आणि त्या जुन्या-नव्या दोन्ही कोडवर चालव.

आउटपुट देखणं करायचा मोह तुला होणार, मी तुला ओळखते. डेबियनवाल्यांनी 2014मध्ये माणसांसाठी ‘ॲप्ट’ ही सुटसुटीत कमांड आणली, पण स्क्रिप्टांसाठी ‘ॲप्ट-गेट’ होती तशीच ठेवली. ‘ॲप्ट’चं आउटपुट पाइपमध्ये घातलंस, तर ती स्वतःच बजावते की माझ्या रूपावर विसंबू नका. मला हा मार्ग फार प्रामाणिक वाटतो. तूही देखणं रूप वेगळ्या कमांडला दे.

काही गोष्टी मोडाव्याच लागतील. तेव्हा घाई करू नकोस. पिपनेच 2020मध्ये अवलंबित्वं सोडवणारा नवा रिझॉल्व्हर आणला, तो जुलैच्या 20.2 आवृत्तीत ज्यांना हवा त्यांच्यापुरता. नोव्हेंबरच्या 20.3मध्ये तो आपोआप लागू झाला, तरी जुन्याकडे परतायचा फ्लॅग ठेवला होता. तुझे जुने फ्लॅगही तसेच चालू राहू देत. त्यांच्या जागी काय वापरायचं आणि जुने फ्लॅग कोणत्या आवृत्तीत जाणार, एवढं इशाऱ्यात स्पष्ट लिही.

चाचण्यांची यादी झाली की मला पाठव. अर्धवट इन्स्टॉलचं प्रकरण मी आधी वाचेन, कारण तिथला एक्झिट कोड शून्य आला तर पुढची स्क्रिप्ट बिनधास्त चालू लागते.

तुझी,
मावशी