एका गीतसंग्रहाचा अभ्यास : ट्रेसी चॅपमन हिचीं अकरा गाणीं

कवितेचें रसग्रहण कसें करावें हें आपण वर्गांत शिकतों. बोलणारी व्यक्ति कोण, ती कोणाशीं बोलते, प्रत्येक कडव्यांत नवें काय येतें, असे प्रश्न आपण कवितेला विचारतों. परंतु जीं गाणीं रोज आपल्या कानांवर पडतात, त्यांना मात्र असा एकही प्रश्न आपण विचारीत नाहीं. चाल तेवढी ओठांवर राहते आणि अर्थ वाऱ्यावर जातो. उलटपक्षीं, पाश्चात्य लोकप्रिय गाण्यांत गोंगाटापलीकडे कांहीं नसतें, अशी पालकवर्गांतील पुष्कळांची समजूत असते. कित्येक गाण्यांच्या बाबतींत ती खरीही असेल. म्हणूनच, जिच्या बाबतींत ती मुळींच खरी नाहीं अशी एक गायिका व तिचा पहिला गीतसंग्रह आजच्या पाठासाठीं निवडला आहे. गायिकेचें नांव ट्रेसी चॅपमन. संग्रहाचेंही नांव तेंच. तो एप्रिल १९८८ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांत ११ गाणीं असून तीं सारीं मिळून सुमारें ३६ मिनिटांत संपतात. म्हणजे शाळेच्या एका तासांत हा सबंध ग्रंथ वाचून होतो असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रथम गायिकेची थोडी ओळख करून घेऊं. ट्रेसीचा जन्म ३० मार्च १९६४ रोजीं ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. आईवडील विभक्त झाल्यावर आईनेंच दोन्ही मुलींना वाढविलें. पैशाची ओढाताण असतांही मुलीच्या हातांत वाद्य देण्यास ती माउली चुकली नाहीं. आठव्या वर्षाच्या सुमारास ट्रेसी गिटार वाजवूं लागली व स्वतःचीं गाणींही रचूं लागली. पुढें एका शिष्यवृत्तीमुळें तिला कनेक्टिकट राज्यांतील वूस्टर स्कूल या शाळेंत प्रवेश मिळाला. तेथील धर्मोपदेशकांनीं विद्यार्थी व शिक्षक यांजकडून वर्गणी गोळा करून तिला नवी गिटार घेऊन दिली. शाळेच्या वर्गणीचा याहून अधिक सदुपयोग क्वचितच झाला असेल! त्यानंतर तिनें टफ्ट्स विद्यापीठांत मानववंशशास्त्राचा अभ्यास करून १९८७ सालीं पदवी घेतली. शिकत असतां ती बॉस्टनच्या परिसरांत रस्त्याच्या कडेला उभी राहून गात असे. एका सहाध्यायानें तिचें गाणें ऐकून तें आपल्या वडिलांच्या कानांवर घातलें. हे गृहस्थ संगीतप्रकाशनाच्या व्यवसायांत होते. त्यांच्या खटपटीनें तिला इलेक्ट्रा या कंपनीकडून गीतसंग्रह काढण्याची संधि मिळाली.

संग्रह ऐकतांना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें. पहिली, कोण बोलतें व कोणाशीं. दुसरी, वाद्यें केव्हां येतात आणि केव्हां गप्प राहतात. तिसरी, एका गाण्यामागून दुसरें कोणतें येतें. निर्माते डेव्हिड कर्शेनबॉम यांनीं गायिकेचा आवाज मध्यभागीं ठेवून बाकीचीं वाद्यें त्याच्या भोंवतीं बेतानें मांडलीं. आवाज खोल, स्थिर व गंभीर आहे. तो ऐकणाऱ्यास भुलवीत नाहीं, सांगतो. आतां एकेक गाणें घेऊं.

१. ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’. हें गाणें क्रांतीविषयीं आहे, आणि तें तिनें शाळेंत असतांनाच रचलें. मदतीच्या अपेक्षेनें रांगांत उभ्या असलेल्या गरिबांमध्यें एक कुजबूज सुरू होते व ती वाढत जाते, एवढाच त्याचा विषय. नवलाची गोष्ट ही कीं, क्रांतीचें गाणें असून त्यांत आरोळी नाहीं. माझ्या मतें यांतील ढोलांचा ठेका गरजेपेक्षां जरा घोटीव झाला आहे. परंतु गिटारीच्या पहिल्याच झंकारांत एक निर्धार आहे आणि संग्रहाच्या दारावर आशेचा दिवा लावण्याचें काम हें गाणें उत्तम करतें.

२. ‘फास्ट कार’. वेगवान मोटारीचें हें गाणें संग्रहांतील सर्वांत प्रसिद्ध. बोलणारी एक तरुण मुलगी आहे. तिचा बाप दारूच्या आहारीं गेलेला. आई घर सोडून निघून गेलेली. बापाकडे पाहणारें कोणी नाहीं म्हणून मुलगी शाळा सोडते आणि दुकानांत नोकरी धरते. एका तरुणापाशीं मोटार आहे. तीत बसून दोघें शहर गांठतील व नवें आयुष्य उभें करतील, हें तिचें स्वप्न. तीं निघतात, शहरांत राहतातही. पण कमावती तीच राहते, आणि तो घरापेक्षां मद्यगृहांत अधिक रमतो. म्हणजे ज्या घरांतून ती पळाली, तेंच घर तिच्या पुढें येऊन उभें राहतें! अखेरीस राहावयाचें कीं जावयाचें, हें ती त्यालाच ठरवावयास सांगते.

आतां वाद्यांकडे पाहा. गिटारीवर एक लहानशी सुरावट चाकासारखी पुन्हां पुन्हां फिरत राहते. कथा सांगतांना तिला साथ अगदीं बेताची आहे. परंतु जेथें मुलीला मोटारींतील त्या एका आनंदाच्या रात्रीची आठवण येते, तेथें ढोल एकदम जागे होतात व गाणें उसळी घेतें. आठवण संपली कीं पुन्हां तेंच चाक. मोटार धांवते, पण मनुष्य जेथल्या तेथें राहतो, हा अर्थ शब्दांच्या आधीं सुरावटीनेंच सांगून टाकला आहे.

शाळा सोडल्याची गोष्ट या गाण्यांत फारच थोडक्यांत येऊन जाते. प्रत्यक्षांतही ती तशीच घडते. एक बाक रिकामा होतो. हजेरीपटावर ‘गैरहजर’ याखेरीज कांहीं लिहिलेलें नसतें. आणि त्या एका शब्दामागें आजारी आई असते किंवा व्यसनी बाप असतो. पालकहो, मुलीनें घरासाठीं शाळा सोडली तर आपण तिच्या त्यागाची स्तुति करतों. ती स्तुति किती महाग पडते, हें या गाण्याच्या शेवटच्या कडव्यांत कळतें.

३. ‘अक्रॉस द लाइन्स’. येथें एका घरावरून दृष्टि सबंध गांवाकडे वळते. गोऱ्यांची व काळ्यांची वस्ती विभागलेली आहे. मधली रेघ कोणीं ओलांडावयाची नाहीं. एका कृष्णवर्णीय मुलीवर हल्ला होतो, त्यांतून दंगल पेटते, आणि शेवटीं दोष त्या मुलीच्याच माथीं मारला जातो. चाल मृदु आहे. तिच्या मृदुपणामुळेंच हकीकत अधिक बोंचते.

४. ‘बिहाइंड द वॉल’. भिंतीपलीकडे एका स्त्रीचा आक्रोश चालला आहे. अलीकडे शेजारी जागा आहे. शिपायांना बोलावून उपयोग नाहीं. ते आले तरी उशिरां येतात व घरगुती भांडणांत पडतां येत नाहीं असें सांगतात. या गाण्यांत एकही वाद्य नाहीं. केवळ आवाज. दोन मिनिटांच्या आंत तें संपतें. साथ कां नाहीं? कारण त्या स्त्रीला कोणाचीच साथ नाहीं. याहून सोपा व याहून परिणामकारक अलंकार मला दुसऱ्या कोठें आढळला नाहीं. आपल्या देशांत २००५ सालीं झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणें, असा प्रकार घडत असल्याची खबर संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊं शकतो, शेजारीसुद्धां. ‘आपल्याला काय त्याचें’ म्हणण्याची सोय कायद्यानें ठेविलेली नाहीं. मनानें ठेविली तर ती ज्याची त्यानें तपासावी.

५. ‘बेबी कॅन आय होल्ड यू’. मारहाणीच्या गाण्यामागून हें प्रीतीचें गाणें यावें, यांत योजना दिसते. क्षमा मागण्याचे व प्रेम व्यक्त करण्याचे साधे शब्द एका माणसाला वेळेवर उच्चारतां येत नाहींत, आणि वर्षें निघून जातात. चाल इतकी गोड आहे कीं पुष्कळ लोक हें निव्वळ प्रेमगीत म्हणून ऐकतात. नीट ऐकल्यास तें प्रेमाच्या अभावाचें गीत आहे.

६. ‘माउंटन्स ओ’ थिंग्ज’. वस्तूंचे डोंगर! एक दरिद्री व्यक्ति श्रीमंतीचीं दिवास्वप्नें पाहते. परंतु स्वप्न रंगतां रंगतां तिला कळूं लागतें कीं, हे डोंगर दुसऱ्यांच्या श्रमावर रचलेले असतात. तालवाद्यांची लय येथें झुलती आहे. ती ऐकणाऱ्यालाही त्या स्वप्नांत ओढते आणि मग एकदम उघडें पाडते.

७. ‘शी’ज गॉट हर टिकिट’. येथें जमैकाच्या रेगे संगीताचा ठेका आहे. एक मुलगी तिकीट काढून विमानानें दूर निघून जाणार आहे. ‘फास्ट कार’नंतर हें ऐकल्यास मनांत आपोआप शंका येते कीं, हिला तरी सुटका मिळेल काय? गाणें त्याचें उत्तर देत नाहीं. रचनेच्या दृष्टीनें मी यास संग्रहांतील मध्यम प्रतीचें गाणें समजतों.

८. ‘व्हाय?’ कां? जगांत अन्न असतां मुलें उपाशी कां, संहारक अस्त्रांना शांततेचें नांव कां, स्त्रीला स्वतःच्या घरांतही निर्भयता कां नाहीं, असे प्रश्न एकामागून एक येतात. प्रश्न रास्त आहेत; परंतु जें चौथ्या गाण्यांत एका भिंतीनें दाखविलें, तें येथें सरळ बोलून दाखविलें आहे. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा फरक अवश्य लक्षांत घ्यावा. एक खरें चित्र दहा प्रश्नांपेक्षां अधिक बोलतें.

९. ‘फॉर माय लव्हर’. प्रियकरासाठीं तुरुंगवासही पत्करणाऱ्या व्यक्तीचें हें मनोगत. लोक तिला वेडी म्हणतात. असें प्रेम थोर कीं आंधळें, याचा निर्णय गायिका देत नाहीं. तो ऐकणाऱ्यावर सोंपविते. घरीं वादविवादासाठीं हा विषय चांगला आहे.

१०. ‘इफ नॉट नाउ...’. प्रेम उद्यांवर ढकलूं नये, हा याचा आशय. शीर्षक वाचतांच हिल्लेल या प्राचीन यहूदी गुरूच्या प्रसिद्ध प्रश्नाची आठवण होते. पांचव्या गाण्यांत शब्दांना उशीर झाला होता. येथें त्याच उशिराविरुद्ध इशारा आहे.

११. ‘फॉर यू’. शेवटीं पुन्हां केवळ आवाज व गिटार. दहा गाण्यांत इतकें बोललेली ही गायिका येथें कबूल करते कीं, मनांतील भावनेला शब्द अपुरे पडतात. कुजबुजीनें सुरू झालेला संग्रह असा जवळजवळ मौनापाशीं येऊन थांबतो.

अकरा गाणीं एका ओळीनें पाहिल्यावर संग्रहाचें मर्म ध्यानांत येतें. पहिल्या गाण्यांत आशा सांगितली आहे. आणि पुढील गाण्यांत तीच आशा घर, गांव, विवाह, पैसा व प्रीति या प्रत्येक ठिकाणीं नेऊन कसोटीस लाविली आहे. स्वस्त दिलासा कोठेंही नाहीं. तरीही ऐकणारा खचत नाहीं, कारण कोणीतरी या दुःखांकडे तोंड न फिरवितां पाहत आहे, हाच एक मोठा धीर असतो.

या संग्रहाचें भाग्य कसें उदयास आलें, तेंही बोधप्रद आहे. ११ जून १९८८ रोजीं लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सन्मानार्थ मोठा जलसा झाला. मंडेला त्या वेळीं तुरुंगांतच होते. त्यांची सुटका ११ फेब्रुवारी १९९० रोजीं झाली. प्रख्यात गायक स्टीव्ही वंडर यांच्या यंत्रवाद्याचा एक आवश्यक भाग ऐन वेळीं सांपडेना, म्हणून ते रंगमंचावर येऊं शकले नाहींत. ती रिकामी वेळ भरून काढण्यास ट्रेसीला पुन्हां पाठविण्यांत आलें. एकटी मुलगी, एक गिटार, समोर अफाट जनसमुदाय. आणि तिनें ‘फास्ट कार’ गाइलें. थोड्याच आठवड्यांत हा संग्रह इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसला. १९८९ सालीं तिला तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. मध्यंतरीं, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यास ४० वर्षें झाल्यानिमित्त अम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें काढलेल्या संगीतयात्रेंत ती ३० सप्टेंबर १९८८ रोजीं नवी दिल्लीसही येऊन गाऊन गेली. पुढें २०२३ सालीं ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानें ‘फास्ट कार’ नव्यानें गाइलें, आणि त्या वर्षीं कंट्री म्युझिक असोसिएशनचें उत्कृष्ट गीताचें पारितोषिक या ३५ वर्षांपूर्वींच्या गाण्याच्या रचनाकर्तीस मिळालें. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय रचनाकार होय. फेब्रुवारी २०२४ मध्यें ग्रॅमी समारंभांत दोघांनीं तें गाणें एकत्र गाइलें. तिसऱ्या गाण्यांतील रेघ, निदान त्या सायंकाळीं, दोघांनीं मिळून ओलांडली.

आतां अभ्यास. एखाद्या सुटीच्या दिवशीं आईवडिलांसह हा संग्रह क्रमानें ऐकावा. मध्यें दुसरें काम करूं नये. प्रत्येक गाण्यानंतर वर सांगितलेले तीन प्रश्न एकमेकांस विचारावे, आणि ज्यांना इंग्रजी कळत नाहीं त्यांना मुलांनीं अर्थ सांगावा. त्यानें दोघांचाही लाभ होईल. ‘फास्ट कार’ झाल्यावर, आपल्या वर्गांतून या वर्षीं कोणाचें नांव कमी झालें याची आठवण करावी, आणि त्याच्या घरीं एकदां जाऊन यावें. गेलेला विद्यार्थी परत येईलच असें नाहीं. परंतु कोणी विचारपूस करावयास आलें होतें, एवढें तरी त्याला कळेल.