हौसेचे मोल

मुलांनो, 'हौसेला मोल नसते' असे आपण नेहमी म्हणतो. स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून कोणी आपली हौस भागवली, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु एकाच्या हौसेचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून होऊ लागला तर? अमेरिकेतील बेसबॉलच्या क्रीडागारांची, म्हणजे स्टेडियमांची, हकीकत या प्रश्नाचा विचार करायला लावते.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटप्रमाणेच चेंडूफळीचा खेळ. अमेरिकेत त्याचे व्यावसायिक संघ आहेत. हे संघ खाजगी मालकीचे असतात. नफा होतो तो मालकाचा. तेथील सर्वोच्च साखळीत केवळ ३० संघ आहेत, आणि संघ हवा असणारी शहरे त्याहून अधिक. त्यामुळे मालकाचे पारडे सदैव जड राहते. 'नवे क्रीडागार बांधून द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या गावी जातो,' असे तो सांगू शकतो. हा धाक पोकळ नसतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स हा संघ लोकांच्या गळ्यातील ताईत होता. पण १९५७ च्या हंगामानंतर तो दूरच्या लॉस एंजलिसला निघून गेला.

आता सिॲटल शहराची गोष्ट पाहा. हे शहर किंग नावाच्या परगण्यात आहे. तेथील मतदारांनी १९६८ मध्ये क्रीडागारासाठी कर्ज काढण्यास संमती दिली, आणि १९७६ मध्ये 'किंगडोम' हे प्रचंड घुमटाचे क्रीडागार उभे राहिले. तेथे बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन्ही खेळ होत. १९९४ मध्ये त्याच्या छताच्या फरशा कोसळल्या. दुरुस्तीसाठी आणखी कर्ज झाले. त्यातच बेसबॉल संघाला नवे, स्वतंत्र क्रीडागार हवे झाले. १९९५ मध्ये त्यासाठी कर वाढवावा का, असे लोकांना विचारण्यात आले. थोड्या मतांच्या फरकाने लोकांनी 'नको' म्हटले. तरीही काही आठवड्यांतच राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून दुसऱ्या करांची सोय केली. उपाहारगृहातील जेवण, भाड्याची मोटार, इतकेच नव्हे तर सामन्याचे तिकीट, या सर्वांवर कर बसला. म्हणजे खेळाच्या शौकिनाने दोनदा पैसे मोजले. आणि ज्याने आयुष्यात एकही सामना पाहिला नाही, त्यालाही जेवणाच्या बिलातून आपला वाटा द्यावा लागला.

नवे क्रीडागार १९९९ मध्ये खुले झाले. पुढे फुटबॉलसाठीही वेगळे क्रीडागार ठरले, आणि २६ मार्च २००० रोजी किंगडोम सुरुंगांनी पाडण्यात आला. अवघ्या काही सेकंदांत चोवीस वर्षांची इमारत जमीनदोस्त झाली. कर्ज मात्र सुरुंगाने उडत नाही! २०१० मध्येही परगण्यावर त्या नाहीशा झालेल्या इमारतीचे ८ कोटी डॉलरांहून अधिक देणे होते. ते २०१५ मध्ये फिटले.

क्रीडागाराने व्यापार वाढतो, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. परंतु बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचे निष्कर्ष निराळे आहेत. जे कुटुंब सामन्यावर पैसे खर्च करते, ते तितकाच खर्च सिनेमावर किंवा अन्य करमणुकीवर कमी करते. पैसा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो, एवढेच.

मग मोठी क्रीडागारे बांधूच नयेत काय? तसे नाही. आपला संघ जिंकला की सारे शहर एकदिलाने आनंदते. हा आनंद खोटा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८७ आणि १९८९ मध्ये क्रीडागाराच्या योजना नाकारल्या. अखेर संघाच्या मालकांनी बहुतांश खाजगी पैशाने क्रीडागार बांधले, आणि २००० मध्ये तेथे सामने सुरू झाले. खेळही राहिला, संघही राहिला.

सार्वजनिक पैसा हा सर्वांच्या घामाचा पैसा असतो. तो कशासाठी खर्च होणार, त्याचा लाभ कोणाला मिळणार आणि कर्ज किती वर्षे फेडावे लागणार, हे पाया खणण्यापूर्वीच विचारणे हा सुजाण नागरिकाचा हक्क आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

स्वाध्याय

१. संघमालकाचे पारडे जड का राहते?
२. 'कर्ज मात्र सुरुंगाने उडत नाही' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. 'गळ्यातील ताईत असणे' व 'पारडे जड असणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.