मोबाइलवरचं एम.कॉम. आणि गटसचिवाची कीर्द

बी.कॉम.चा शेवटचा निकाल लागला की पंधरा दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून माझ्याकडे येतो. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, वरवट बकाल. "सर, पोरीले अमरावतीले कोन धाडते? घरच्या घरी मोबाइलवर होऊ द्या तिचं एम.कॉम." मुलगा असला की विचारणा जरा ऐटीत होते: "ऑनलाइन एम.बी.ए. फायनान्स कसं राहील?" त्याच्या मोबाइलवर जाहिरात उघडीच असते, हप्त्यांच्या सोयीसकट.

भीतीचा भाग आधी उरकू. ऑनलाइन पदवी खोटी नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. फक्त त्या विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच सत्रात मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डेब) संकेतस्थळावर स्वतः पाहायचं. प्रवेशाआधी विद्यार्थ्याला तिथे स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. "आमचं शेगावात केंद्र आहे, पेपरची काळजी करू नका" असं कोणी म्हणालं तर चहासुद्धा न पिता उठा. अशी पदवी दलालामार्फत चालवायला परवानगीच नाही. एम.कॉम.च हवं असेल तर इग्नू आहे, १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. जाहिरातवाल्यांच्या फीच्या एका कोपऱ्यात यांची फी मावते.

आता माझा प्रश्न. दोन वर्षं, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, तुमची मुलगी काय करणार आहे?

इथे बाप मोबाइलकडे बघतो आणि आई पदर सारखा करते. उत्तर तिघांनाही ठाऊक असतं. स्थळ येईपर्यंत बायोडाटात "एम.कॉम. चालू" असं लिहायची ही सोय आहे. स्पष्टच सांगतो, याला शिक्षण म्हणू नका. मुलीला घरात ठेवायचं आधी ठरतं आणि मग त्याला विद्यापीठाचं नाव शोधलं जातं. मुलांच्या बाबतीत तेच ढोंग वेगळ्या कपड्यात येतं. "स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, सोबत ऑनलाइन एम.बी.ए. करतोय." म्हणजे दोन्ही होत नाही.

हिशेबाचं शास्त्र व्हिडिओ पाहून डोक्यात जातं, हातात येत नाही. मी स्वतः प्रथम श्रेणीत बी.कॉम. झालो आणि पहिल्यांदा खरी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, समोर आली तेव्हा तीनशे चाळीस रुपयांचा फरक शोधण्यात अख्खा दिवस घालवला. जुन्या कारकुनाने तो चहा संपायच्या आत काढून दिला. दिवसभर कुठेतरी व्हाउचर, जीएसटीची विवरणं, टीडीएस हाताखालून जात असतील, तर रात्रीचं ऑनलाइन एम.कॉम. सोन्यासारखं. नसतील, तर तो कागद.

नेहमीच्या वाटा एका दमात सांगतो. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. सी.एम.ए.लाही पदवीधराला फाउंडेशनची परीक्षा द्यावी लागत नाही. दोन्ही अवघड आहेत, दोन्ही घेण्यासारख्या आहेत. पुढे.

ज्या परीक्षेचं नाव घेतलं की समोरचे चेहरे कोरे होतात, ती म्हणजे जी.डी.सी. अँड ए. राज्याच्या सहकार खात्याची सहकार आणि लेखाशास्त्राची पदविका. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, परीक्षा साधारण मे महिन्यात असते, अभ्यास घरी बसून होतो. घरीच बसायचं ना? मग हा करा.

का, ते आपल्याच तालुक्यात बघा. गावोगाव विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था आहेत, पतसंस्था आहेत. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार दर संस्थेचं दर वर्षी लेखापरीक्षण व्हावंच लागतं. सी.ए.खेरीज ते काम प्रमाणित लेखापरीक्षक करू शकतो, आणि त्यासाठी पदवी, ही पदविका आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा ठरावीक अनुभव लागतो. मग खात्याच्या नामतालिकेवर नाव येतं. कायद्यात आणखी एक अट आहे: मराठीचं कामापुरतं ज्ञान. इंग्रजीच्या धास्तीने खचलेल्या पोरांना ही ओळ मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवतो.

सेवा संस्थेचं दप्तर उघडलं की कोणत्याही ॲपमध्ये न सापडणारा फायनान्स दिसतो. मार्च संपायच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलणं, कसं होतं, वसुली कागदावर कुठे आणि हातात कुठे, व्याज सवलतीचे पैसे कोणत्या खात्यात अडकले, संस्थेचे हिशेब ठेवणाऱ्या गटसचिवाने जमाखर्चाची कीर्द रोज लिहिली की महिन्याची एका बैठकीत. सोयाबीन पडलं की ताळेबंदाची कोणती बाजू हलते, हे इथल्या पोरीला पुण्याच्या पोरापेक्षा लवकर कळतं. त्यातच केंद्राने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच सेवा संस्थांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. जुनी खतावणी वाचता येणारा आणि तीच संगणकावर बिनचूक चढवणारा माणूस आता हवा आहे. पहिल्या वर्षी पैसे फार मिळणार नाहीत, हेही ऐकून ठेवा. अनुभवाची वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, खामगाव-अकोल्याच्या एखाद्या कार्यालयात, एस.टी.चा पास काढूनच जातात.

परवा एका बापाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, अर्जाची तारीख मुलीकडून वहीत लिहून घेतली. उठता उठता म्हणाला, "पन सर, ऑडिट म्हंजे गावोगाव फिराव लागते ना?"

मी बोलायच्या आधी मुलगीच म्हणाली, "हो, लागते."