पोट पाहून मासा घ्यावा

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल करणं हा माझा धंदा. नायगावपासून विरारपर्यंतचे दवाखाने, हॉटेलं, एखाद-दुसरा बंगला आणि बरेचसे हौशी फ्लॅट. मासा मेला की माणसं सांगतात, काल रात्रीपर्यंत चांगला होता, अचानक गेला. मला ते ‘अचानक’ कधीच पटत नाही. माझ्या पाहण्यातले नाजूक मासे अपघाताने कमी आणि उपासमारीने जास्त मेले. तेही दिवाणखान्यात, सगळ्या घराच्या डोळ्यांदेखत.

मँडरीन मासा घ्या. बोटाएवढा, निळ्या अंगावर केशरी नागमोडी रेघा. दुकानात शिरणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावरच जाते. विकतचे दाणे टाकले तर बहुतेक वेळा तो त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दगडांच्या फटींत राहणारे कोपेपॉड नावाचे बारीक कवचवाले जीव तो दिवसभर एकेक करून टिपतो. नव्या टाकीत ते नसतात आणि लहान टाकीत असले तरी बघता बघता फस्त होतात. पण खायला काही उरलं नाही म्हणून त्याचं टिपणं थांबत नाही. घरचे सांगतात, “दादा, दिवसभर खात असतो हो!” तो रिकामा दगड टोचत असतो. लांबून काही कळत नाही. काचेला नाक लावून समोरून पाहिलं की दिसतं, कल्ल्यांमागचं पोट आत गेलंय आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. त्या अवस्थेतून परत आलेला मँडरीन मी पाहिलेला नाही.

फुलपाखरू माशांच्या कित्येक जाती जिवंत प्रवाळाशिवाय दुसरं काही खातच नाहीत. समुद्री गोगलगाईंतल्या अनेकींना एका ठरावीक जातीचाच स्पंज लागतो. हे जीव विकायला ठेवणं म्हणजे त्यांच्या मरणाची तारीख गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं, असं माझं मत आहे. दुकानदारांना ते आवडत नाही.

समुद्रघोड्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला जठरच नसतं. गिळलेलं अन्न आतड्यातून झरझर पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं आणि शक्यतो जिवंत खाणं लागतं. पोहण्यात तो मंद. शेपटीने कशाला तरी धरून बसतो आणि समोर आलेलं सोंडेने ओढून घेतो. चपळ माशांच्या टाकीत त्याच्या वाट्याला काही येत नाही. आपल्याकडे मात्र त्याचा विचार इथपर्यंत यायलाच नको. डोल जाळ्यात कधी कधी समुद्रघोडा येतो आणि मग कुणीतरी फोटो पाठवतं, “जिवंत आहे, घेता का?” 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, विकणं, घरात बाळगणं, तिन्ही गुन्हे. प्रवाळरांगा बांधणारे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही त्याच सुमारास संरक्षण मिळालं. ‘माल बाहेरचा आहे’ हे दुकानातलं ठरलेलं उत्तर. बाहेरचा असेल तर आयातीचे कागद दाखवा म्हणायचं. मी असं विचारायला लागल्यापासून काही दुकानांत चहा मिळायचा बंद झाला.

निमो, म्हणजे क्लाऊनफिश, मागणाऱ्यांशी मात्र माझं भांडण नाही. सिनेमा 2003 चा, पण मुलं अजून तोच मासा मागतात, आणि नेमका तो माणसाच्या देखरेखीत पैदा होतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची पैदास झाली आहे. टाकीत जन्मलेला क्लाऊनफिश दाणे खातो आणि लहान जागेत रमतो. त्याच्यासोबत समुद्रफूल घ्यायलाच हवं, हे मात्र दुकानदाराने पढवलेलं. टाकीत शत्रू नसतात, समुद्रफुलावाचून त्याचं काही अडत नाही. अडतं ते समुद्रफुलाचं. त्याला प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, आणि जागा पसंत पडली नाही की ते पायाने सरकत निघतं. रात्रीत पंपाच्या तोंडाशी पोचतं. सकाळी फोन येतो तेव्हा पाणी दुधाळ झालेलं असतं, त्याच्या चिंध्या सगळीकडे फिरत असतात आणि अमोनियाने बाकीचे मासे वर येऊन तोंड वासत असतात. त्याच सिनेमातली डोरी बंदिवासात पहिल्यांदा 2016 मध्ये वाढवता आली, तीही अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत. दुकानात दिसते ती बहुधा समुद्रातून उचललेली असते. फूटभर वाढणारा मासा तीन फुटी टाकीत घालायचा, तर तो करणार काय?

वसईकरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: समुद्र दारात आहे, मग मीठ विकत घेऊन पाणी का बनवायचं? अर्नाळ्याला उभं राहून पाण्याचा रंग पाहा. वैतरणेचा गाळ तिथे उतरतो. वसईच्या खाडीत उल्हास नदी कारखान्यांचं पाणी घेऊन येते. पावसाळ्यात नद्यांच्या लोंढ्याने किनाऱ्याजवळचा खारेपणा घसरतो आणि वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. इथले जीव हे सोसायला घडलेले आहेत. दुकानातला मासा मात्र नितळ, एकसारख्या पाण्याच्या प्रवाळरांगेतून आलेला असतो. त्याला लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार लागतात आणि त्यात रोज चढउतार चालत नाही. म्हणून विकतचं मीठ घ्यायचं आणि तेही गाळून क्षार काढलेल्या पाण्यात विरघळवायचं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तसंच ओतलं की शेवाळाला आमंत्रण.

त्यात उन्हाळा. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी सहज 31-32 अंशांवर जातं. प्रवाळरांगेतल्या जिवांना 25-26 बरं. चिलर बऱ्याचदा टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणून लोक पाण्यावर पंखा लावतात. पाणी थोडं थंड होतं खरं, पण भराभर उडतंही. उडतं ते गोडं पाणी, मीठ टाकीतच राहतं. कमी झालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची, हे मी दर घरी सांगतो आणि दर घरी कुणीतरी प्रेमाने खारं ओततं.

वीज हा तर इथला कायमचा जुगार. जुलै 2018 च्या पुरात वसईच्या अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली, तेव्हा माझा फोन रात्रभर वाजत होता. जायला रस्ता नव्हता. पंप थांबला की कोमट खाऱ्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपत येतो, आणि गाळणीतले उपकारक जिवाणूही गुदमरतात. लाइट आल्यावर बंद गाळणी तशीच चालू केली, तर आत कुजलेलं पाणी थेट माशांवर येतं. आधी ती धुवायची. बॅटरीवरचा हवेचा पंप शे-पाचशेच्या घरात मिळतो. तो घरात नसेल तर टाकी मांडूच नका, मी स्पष्ट सांगतो.

टाकी मांडल्यावर चार ते सहा आठवडे ती माशांविना चालवायची. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्या काळात जम बसवतात. हा काळ कुणालाच सोसत नाही. रिकाम्या टाकीचं लाइट बिल कशाला, असं म्हणतात. पुढे दुकानात गेलात की रंग नंतर बघा, आधी पोट बघा. दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर खायला घाला. मासा खात नसेल तर पैसे खिशातच ठेवा. पैदाशीचा की पकडलेला, ते विचारा. उत्तर देताना दुकानदार जितकी लांबण लावेल, तितके तुम्ही दाराकडे सरका. ‘पंधरा दिवस ठेवून बघा’ असं सांगून विकलेला जीव तर घेऊच नका. आणि आजारी माशासाठी दिलेलं तांब्याचं औषध मुख्य टाकीत ओतू नका, त्याने कोळंबी, गोगलगाई, समुद्रफुलं सगळी जातात.

एक धोका माणसांचाही आहे. दगडांवर बटणांसारखे चिकटलेले झोअँथिड टाकीत असतात, मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही दिसतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. असा दगड साफ करायला म्हणून स्वयंपाकघरात उकळल्यामुळे परदेशात अख्खी कुटुंबं इस्पितळात गेली आहेत. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही आणि उकळायचा तर मुळीच नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणालं, मग नकोच, तर मला वाईट वाटत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी. ओहोटीला खडकांवर उतरून हे जीव जागच्या जागी पाहता येतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून लोकांना किनाऱ्यावर नेऊन दाखवतात. फक्त शंखातला खेकडा खिशात घालून घरी आणायचा नाही. राजोडी-भुईगावला मुलं सर्रास आणतात, आणि आईबाप कौतुकाने बाटली पुढे करतात.

आणि टाकी मोडायची वेळ आलीच तर मासे समुद्रात सोडू नका. प्रवाळरांगेतला मासा अर्नाळ्याच्या गढूळ पाण्यात बहुधा मरेल. जगला तर जास्त वाईट. फ्लोरिडाजवळ 1985 मध्ये पहिल्यांदा दिसलेला सिंहमासा हौशी लोकांनीच सोडलेला असावा असं मानतात. आज कॅरिबियनभर तो स्थानिक मासे फस्त करतो आहे. दुसरा टाकीवाला शोधा, दुकानाला फुकट परत द्या, सापडेपर्यंत टाकी चालू ठेवा. रिकामी झाली की पाणी मोरीत सोडा. वाडीतल्या केळीच्या आळ्यात ओतू नका. एका काकांनी ‘खत होईल’ म्हणून ओतलं, आणि राजेळीची सगळी रांग करपली.