सौरवीज : आधी हिशेब, मग पॅनेल

सोलापूरकरांना उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. याच उन्हापासून वीज घेऊन आपली घरे, विहारे व अभ्यासिका यांचा वीजखर्च कमी करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत.

वीज ही आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ चैनीची वस्तू नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंद्यांवाचून दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्याच कारकिर्दीत 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. म्हणून विजेचा हिशेब समजून घेणे हाही त्यांच्या विचारांचा अभ्यासच होय.

सौर पॅनेलमधील सिलिकॉनवर प्रकाश पडला की डीसी वीज निर्माण होते. इन्व्हर्टर तिचे आपल्या वापराच्या एसी विजेत रूपांतर करतो. 1 किलोवॅट संचास सावली नसलेली सुमारे 100 चौरस फूट जागा लागते व त्यापासून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. सोलापुरात पॅनेलचे तोंड दक्षिणेस व कल सुमारे 18 अंशांचा असावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे. उलट पॅनेल तापले की दर अंशामागे उत्पादन सुमारे 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनेलखालून वारा खेळता ठेवावा आणि साचलेली धूळ पहाटे, पॅनेल थंड असताना धुवावी. छत पत्र्याचे असल्यास त्याची मजबुती आधी तपासून घ्यावी.

घरांसाठी केंद्र सरकारने 2024 साली ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 व 3 किंवा अधिक किलोवॅटला कमाल 78,000 रुपये अनुदान ठरले. महिना 100 युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारने 2025 साली ‘स्मार्ट’ योजना मंजूर केली. सुमारे 50,000 रुपयांच्या 1 किलोवॅट संचासाठी तीत दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाने 2,500 रुपये व अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाने 5,000 रुपये भरावयाचे आहेत. हा संच महिन्याला सुमारे 120 युनिट वीज देतो. म्हणजे अशा घरी बहुधा स्थिर आकार व किरकोळ रक्कमच भरणे उरेल. पण ज्यांना या योजनेची खरी गरज, त्यांच्यापर्यंतच माहिती शेवटी पोहोचते, ही आमची खंत आहे.

संस्थांची गोष्ट वेगळी आहे. वरील केंद्रीय अनुदान घरगुती ग्राहकांसाठी व गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी आहे. विहाराच्या किंवा ट्रस्टच्या कार्यकारिणीने ते गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. त्याऐवजी प्रथम आपला वापर मोजावा. समजा, अभ्यासिकेत 20 वॅटचे 8 एलईडी दिवे व 75 वॅटचे 4 पंखे सायंकाळी 6 ते 10 चालतात. एकूण 460 वॅट, 4 तास, म्हणजे 1.84 युनिट. पंखे 30 वॅटचे बसविले तर हाच खर्च 1.12 युनिटांवर येतो. एवढ्यासाठी 1 किलोवॅटचा संचही पुरून उरतो. कोणी 5 किलोवॅटचा प्रस्ताव आणला तर तो कशासाठी, हे विचारण्याचा सभासदांना अधिकार आहे. वर्गणीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामाचा असतो.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. बॅटरीविना महावितरणच्या तारांना जोडलेला संच, लाईट गेली की भर दुपारीही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचे रक्षण व्हावे म्हणून तशी रचनाच केलेली असते. असा संच बिल कमी करतो, परंतु परीक्षेच्या दिवसांत अंधार दूर करीत नाही. अभ्यासिकेस बॅटरीसह संच हवा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट मावतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी टिकावी म्हणून त्यांतील निम्मेच वापरावेत. पंखे बदलले असतील तर अशा दोन बॅटऱ्या संपूर्ण सायंकाळ पुरतात. जुन्याच पंख्यांना त्या अपुऱ्या पडतात.

सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे गाव 2024 साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. गावाने मिळून जे केले, ते आपल्या वस्तीने मिळून का करू नये? आमची सूचना साधी आहे. विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी घरोघरी जाऊन वीजबिले पाहावीत, 100 युनिटांखालील घरांची यादी करावी आणि त्यांचे अर्ज भरून द्यावेत. पॅनेल नंतर येतील. हिशेब आजच करता येतो.

जय भीम!