वस्तीशेजारी डेटा सेंटर : परवानगीपूर्वी करावयाच्या नोंदी

बँकेचे व्यवहार, सातबाराचे उतारे, विद्यार्थ्यांचे निकाल, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे या सर्वांचा साठा कोठेतरी व्हावा लागतो. हजारो संगणक अहोरात्र चालू ठेवून हा साठा सांभाळणाऱ्या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. तेथे कच्च्या मालाच्या गाड्या येत नाहीत, भट्टी पेटत नाही, कामगारही थोडेच असतात. त्यामुळे हा निरुपद्रवी उद्योग असल्याचा समज सहज होतो. तो सर्वस्वी चुकीचा नसला, तरी अपुरा आहे.

समुद्रतळावरून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्यास लागत असल्याने देशातील या उद्योगाचा मोठा हिस्सा मुंबई व नवी मुंबई परिसरात एकवटला आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत कारखाने आणि नागरी वस्ती यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात अशी विशाल केंद्रे अद्याप उभी राहिलेली नाहीत. तथापि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींना लागून गावे आहेत. असा एखादा प्रस्ताव उद्या पुढे आल्यास ग्रामपंचायतीने नेमके काय विचारावे, याचा विचार आजच करणे इष्ट ठरेल.

पहिला प्रश्न पाण्याचा. संगणकांना पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते आणि ती सतत बाहेर काढावी लागते. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे 24 लक्ष ज्यूल उष्णता शोषली जाते. या हिशेबाने एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढावयाची झाल्यास दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाणी उडून जाते. ग्रामीण नळयोजनांसाठी दरडोई 55 लिटर हे प्रमाण धरल्यास हे 630 माणसांचे पाणी झाले. केंद्र 20 मेगावॅटचे असेल, तर साडेबारा हजार वस्तीच्या गावाचे. शीतकरण मनोऱ्यात क्षार साठू नयेत म्हणून अधूनमधून सोडून द्यावे लागणारे पाणी याखेरीज.

कोल्हापूरला पाऊस उदंड आहे, असे यावर कोणी म्हणेल. परंतु हवा कोरडी व तप्त असताना, म्हणजे चैत्र-वैशाखात, हे बाष्पीभवन सर्वाधिक होते. आणि नेमक्या त्याच काळात नदीकाठी उपसाबंदीचे आदेश निघतात व बंधाऱ्यांना बरगे घालून अडविलेले पाणी मोजून वापरावे लागते. इचलकरंजीसाठी आखलेल्या सुळकूड योजनेवरून दूधगंगाकाठच्या गावांत किती तीव्र विरोध झाला, हे जिल्ह्याने पाहिले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील द डॅलेस या लहान शहरात गूगलची केंद्रे शहराच्या एकूण पाण्यापैकी चतुर्थांशाहून अधिक पाणी वापरीत असल्याचे 2022 मध्ये उघड झाले, तेही वृत्तपत्राशी न्यायालयीन वाद झाल्यानंतर. पाण्याचा आकडा गोपनीय मानला जाऊ नये, ही अट आपल्याकडे आरंभीच लेखी असावी.

यावर उपाय नाहीत असे नाही. नवी मुंबई महानगरपालिका ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तृतीय स्तराची प्रक्रिया करून ते पाणी उद्योगांना देते. कसबा बावडा येथील शुद्धीकरण केंद्राच्या पाण्याचाही असा विचार होऊ शकेल. मात्र शीतकरण मनोऱ्यांची निर्जंतुक स्वच्छता कटाक्षाने पाळावी लागेल. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात न्यूमोनियासदृश रोगाची साथ आली आणि त्यातूनच लिजिओनेला या जंतूचा शोध लागला. मनोऱ्यातील कोमट पाण्यात हा जंतू वाढतो व सूक्ष्म तुषारांबरोबर दूरवर पसरतो.

पाणी वाचविण्यासाठी केवळ हवेने थंड करणारी यंत्रणाही वापरता येते. तेव्हा वीज अधिक लागते, पंखे वाढतात आणि आवाजही वाढतो. हा सौदा गावाला समजावून सांगितला जात नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नमूद केला.

आवाजाबाबत 2000 च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. औद्योगिक क्षेत्रात ती अनुक्रमे 75 व 70 आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. घरापाशी एका शीतकरण यंत्राचा आवाज 35 डेसिबल येत असेल, तर तशा दहा यंत्रांचा 45 व वीस यंत्रांचा 48 येतो. प्रस्तावात एकाच यंत्राचा आकडा दिला असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय नेहमीच्या मापनपद्धतीत खर्जातील घरघर कमी मोजली जाते, आणि रात्रभर झोप मोडणारी घरघर बहुधा तीच असते.

वीज खंडित झाल्यास चालणारे डिझेल जनित्रसंच चाचणीसाठीही नियमित चालवावे लागतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये दिला. चाचणीची वेळ शाळेच्या वेळेत नसावी आणि धुराचे नळकांडे कोणत्या दिशेला आहे, एवढे तरी मुख्याध्यापकांनी अवश्य विचारावे. 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला होता. डिझेलच्या टाक्या व बॅटऱ्यांची खोली पूररेषेच्या किती वर आहे, हा प्रश्नही कोल्हापुरात गौण नव्हे. मोबाइल मनोऱ्याप्रमाणे येथूनही 'किरण' निघतात, ही भीती मात्र अनाठायी आहे. हे संगणक प्रक्षेपण करीत नाहीत. त्या भीतीवर ग्रामसभेचा वेळ गेला, की पाण्याचा प्रश्न मागे पडतो.

सर्वांत अडचणीची बाब कायद्याची आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र प्रवर्ग नाही. 20 हजार चौरस मीटर वा अधिक बांधकाम असल्यास ते इमारत प्रकल्प म्हणून तपासले जाते, आणि इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे साखर कारखान्यासाठी गावाला बोलावले जाते, तसे येथे बोलावले जाईलच असे नाही. बोलावणे न आले तरी ग्रामसभेला ठराव करून प्रश्न लेखी पाठविता येतात. त्यास वजन यावे म्हणून प्रकल्पापूर्वीच्या स्थितीची नोंद हाती हवी : विहिरी व कूपनलिकांची उन्हाळ्यातील पातळी, आणि रात्रीचा आवाज. शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र अधिविभागाची आणि माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांची यात मदत घ्यावी. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत व दुसरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात द्यावी. आवाजाचे मापन रात्री दहानंतर, वारा पडलेला असताना, प्रस्तावित जागेला सर्वांत जवळ असलेल्या घराच्या ओट्यावर करावे आणि तारीख, वेळ व घराचा क्रमांक त्याच कागदावर लिहावा.